आई-वडिलांच्या आजारपणासाठी सरकारी ५ लाख पुरतील, की मेडिक्लेमही हवा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडील ७१ वर्षांचे, त्यांना हृदयाचा त्रास. आई ६४ वर्षांची, तिला मधुमेह. दोघं साताऱ्याजवळ गावी शेती करतात, रेशनकार्ड केशरी. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि कंपनीच्या ३ लाखांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये दोघांची नावं आहेत. वेगळा मेडिक्लेम घ्यायचा तर हप्ता डोळे पांढरे करणारा. सरकारने आता महात्मा फुले योजनेतून सगळ्यांनाच ५ लाख दिलेत, मग हप्ता कशाला भरायचा? शिवाय तुम्ही हेही विचारलंय, की आजोबांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, तर तेव्हा दवाखान्याचे पैसे कोण देत होतं आणि आता कोण देतं.

मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभागात बरीच वर्षं काम करते. ज्यांना बिल झेपत नाही त्यांचे पैसे कुठून उभे राहतील हे शोधणं, हे माझं रोजचं काम. ‘योजना की मेडिक्लेम’ असा प्रश्न आमच्या टेबलापाशी सहसा येत नाही. तिथे प्रश्न येतो तो असा: आजार हा, दवाखाना हा, पेशंट आज रात्री ॲडमिट होतोय, तर यातला कुठला पैसा या बिलाला लागू पडेल? याचं उत्तर बऱ्याच अंशी घरबसल्या, आजारपण येण्याआधी काढता येतं. त्यासाठी प्रत्येक योजना मुळात कोणाला डोळ्यांपुढे ठेवून निघाली हे माहीत हवं. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते.

आजोबांच्या काळात मोठ्या उपचारांचा पैसा मुख्यतः दोन ठिकाणांहून यायचा: देणगीतून आणि सरकारच्या किंवा पालिकेच्या तिजोरीतून. मुंबईचं जे. जे. १८४५ साली सुरू झालं ते सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीत कंपनी सरकारने भर घातल्यावर. पुण्याचं ससून १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून झालं, तर परळचं केईएम १९२६ साली पालिकेने उभारलं. तुमच्या भागातली माणसं मोठ्या दुखण्याला मिरजेला जायची, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. त्याखेरीजचा सगळा खर्च घरचा. त्यासाठी दागिने मोडायचे, जनावर विकायचं, सावकाराकडे जायचं.

१९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेवर सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाचेही उपचार अडू नयेत, हे तिचं पायाभूत तत्त्व होतं. त्याच वळणाने इंग्लंडने १९४८ साली करातून चालणारी आरोग्यसेवा सुरू केली. आपण प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं उभं केलं, पण त्याला पुरेल एवढा पैसा दिला नाही. केंद्र आणि राज्यं मिळून आरोग्यावरचा सरकारी खर्च २०१३-१४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता, २०२१-२२ साली तो १.८४ टक्क्यांवर आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठायचं ठरवलं होतं. हे मला फार लागतं, कारण आमच्याकडे येणारी निम्मी-अर्धी अडचण या एका गोष्टीतून जन्मलेली असते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ असता, तर त्या माणसाला पुण्यापर्यंत यावंच लागलं नसतं.

त्या मधल्या काळात ज्यांचा पगार ठरलेला, त्यांची सोय आधी झाली. प्रा. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा दिला, १९४८ साली राज्य कर्मचारी विम्याचा कायदा झाला, १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांपर्यंत पोचली. आजही २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ साली वेगळी योजना आली. शेतकरी आणि रोजंदारीवरची माणसं यात कुठेच बसेनात, कारण ज्यातून हप्ता कापायचा तो पगारच त्यांना नव्हता.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने यावर काढलेली तोड मला फार मोलाची वाटते. ऐंशीच्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारा विमा उभा केला. सुगीनंतर शेतकऱ्याच्या हाती रोख कमी आणि धान्य असतं, म्हणून हप्ता ज्वारीत. आणि एकट्यादुकट्याने नाव घालायचं नाही, गावातली बहुतेक घरं मिळून आली पाहिजेत. यामागे विम्याचं मूळ गणित आहे. फक्त आजारी माणसंच हप्ता भरू लागली तर तिजोरी वर्षभरात रिकामी होते. मेडिक्लेममध्ये जुन्या आजारांसाठी वेटिंग पिरियड असतो, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, तो याच भीतीमुळे.

मध्यमवर्गासाठी मेडिक्लेम आला तो १९८६ साली, चार सरकारी विमा कंपन्यांकडून. आधी खिशातून भरा, मग बिलं जोडून मागा, अशी ती पद्धत. १९९९ च्या विमा प्राधिकरण कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या, टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्था आल्या, कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे द्यायचं ‘कॅशलेस’ सुरू झालं. गरिबांसाठी महाराष्ट्राने १९९७ साली जीवनदायी योजना काढली होती, ती हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या शस्त्रक्रियांपुरती. तिचं मोठं रूप म्हणजे २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली. जुलै २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आलं. हा पैसा करातून येतो, म्हणजे तुम्ही-आम्हीच भरतो.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण असं, की प्रत्येक थर वेगळ्या माणसासाठी आणि वेगळ्या बिलासाठी रचला गेला. गिरणी कामगारांचा विमा पगारदाराचा. मेडिक्लेम खासगी हॉस्पिटलात ॲडमिट होणाऱ्याचा. जीवनदायी गरिबाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा. नावं बदलली, रकमा वाढल्या, तरी मूळचा साचा आत शिल्लक आहे, आणि पैसे कुठे अडतील ते त्या साच्यावरून कळतं.

आता तुमच्या ५ लाखांकडे येते. फुले योजना तुमच्या हातात ५ लाख रुपये ठेवत नाही. तिच्याकडे उपचारांची यादी आहे, आणि प्रत्येकाचा दर ठरलेला आहे. त्या दरात तपासण्या, औषधं, बेड, पेशंटचं जेवण, घरी जायचं एक वेळचं भाडं आणि डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांची फेरतपासणी असं सगळं धरलेलं असतं. पेशंटकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आजार यादीत हवा. रुग्णालय योजनेतलं हवं आणि त्याच विभागासाठी हवं, म्हणजे हाडांसाठी योजनेत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत, ते खासगीत योजनेतून होत नाहीत.

प्रत्यक्षात काय घडतं? दारापाशी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेने नेमलेल्या मदतनिसाचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र दाखवून तिथे नोंदणी होते, डॉक्टर कागद भरतात, मंजुरी मागवली जाते, ती आली की उपचार सुरू. तातडीच्या केसमध्ये फोनवरूनही मंजुरी घेता येते. घोळ होतो तो इथे: नातेवाईक घाबरलेले असतात, कॅज्युअल्टीत डिपॉझिट भरून मोकळे होतात आणि दोन दिवसांनी योजनेबद्दल विचारतात. तोवर पेशंट रोखीने ॲडमिट झाल्याची नोंद झालेली असते आणि ती फिरवायला फार यातायात पडते. म्हणून रुग्णालयात पाऊल टाकल्या टाकल्या आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. रात्री टेबल रिकामं असेल तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना ‘योजनेतून ॲडमिट करायचंय’ असं सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

दुसरी अडचण दरांची. पॅकेजचा दर परवडत नाही असं म्हणत काही खासगी रुग्णालयं त्या पेशंटला ‘बेड नाही’ सांगतात, किंवा बाहेरून औषधं आणायला लावतात. सगळीच तसं करतात असं नाही, मी जीव तोडून योजना राबवणारी रुग्णालयंही पाहिलीत. पण तुमच्या जवळचं रुग्णालय यातलं कुठलं, हे त्याच भागात उपचार घेतलेल्या दोन-चार घरांना विचारल्याशिवाय कळत नाही. तक्रारीसाठी योजनेचा १५५३८८ हा नंबर आहे आणि त्यावर तक्रार केल्याचा उपयोग होतो.

वडिलांसाठी आणखी एक दार उघडं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांना वेगळे ५ लाख. खासगी मेडिक्लेम असला तरी हे मिळतं. त्यासाठी आधार लागतं. त्यावरची जन्मतारीख बरोबर आहे ना, ते आधी पाहा, कारण गावाकडच्या ज्येष्ठांचं बरंचसं तिथेच अडतं.

आता मेडिक्लेम. तुमच्याकडे कंपनीची ३ लाखांची पॉलिसी आहे. तिची प्रत एचआरकडून मागून घ्या आणि दोन ओळी शोधा: खोलीभाड्याची मर्यादा आणि आई-वडिलांसाठीचं को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुम्ही भरायचा ठरलेला वाटा. बऱ्याच पॉलिसींत खोलीभाडं विमारकमेच्या १ टक्का धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत दिवसाला ३,००० रुपये.

समजा वडिलांना ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस ठेवलं. खोलीचे ३०,०००, सर्जन, भूल, ओटी मिळून १,२०,०००, आणि औषधं, इम्प्लांट, तपासण्या ८०,०००. एकूण बिल २,३०,०००, आणि पॉलिसी ३ लाखांची, म्हणून तुम्ही निश्चिंत. टीपीएकडून मंजुरी येते १,५५,००० ची. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून खोलीचे निम्मे कापले जातातच, शिवाय सर्जन आणि ओटीचेही निम्मेच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असा २०२० पासून नियम आहे, म्हणून ते ८०,००० पूर्ण मिळतात. तरी ७५,००० तुमच्या खिशातून गेले. को-पे असेल तर ते वेगळं, आणि पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचेही वेगळे. आणि बहुतेक मोठ्या रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जनची फीसुद्धा बदलते. हेच वडील ३,००० च्या खोलीत असते तर एकूण बिलच कमी झालं असतं आणि जवळजवळ सगळं मिळालं असतं. ॲडमिशनच्या वेळी ‘सिंगल रूम देऊ का?’ असं विचारतात, तेव्हा हे गणित कोणीच सांगत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेस अडकतं, त्यासाठी २०२४ चा नियम लक्षात ठेवा: ॲडमिशनची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. तीन तासांपुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. टीपीए डेस्कवर हे शांतपणे, पण वेळ लिहून घेऊन सांगावं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. ते काही गोष्टींवर अवलंबून आहे: तुमची नोकरी किती पक्की, वडिलांचे आधीचे हृदयाचे रिपोर्ट काय म्हणतात, आणि तुम्हाला दरवर्षी किती हप्ता झेपतो. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत असं. फक्त सरकारी ५ लाखांवर राहू नका, आणि दोघांसाठी मोठा नवा मेडिक्लेम घेऊन स्वतःला कर्जातही घालू नका.

ग्रुप पॉलिसीचा मोठा फायदा हा, की जुने आजार तिच्यात बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तोटा हा, की नोकरी गेली की ती जाते. त्यामुळे तुमची खरी जोखीम आज नाही, नोकरी बदलाल त्या वर्षात आहे. स्वतंत्र पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचं वेटिंग असू शकतं. मग आईसाठी मध्यम रकमेची पॉलिसी आत्ताच सुरू केली, तर कंपनीचं छत्र डोक्यावर असतानाच तिचं वेटिंग संपत जाईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, म्हणजे पूर्वी काढलेलं कोटेशन आता पुन्हा काढून बघा. वडिलांना नवी पॉलिसी मिळणं अवघड. ६५ नंतर दारच बंद ही अट २०२४ मध्ये गेली, पण हृदयाचा त्रास पाहून कंपनी नाही म्हणू शकते किंवा हप्ता बराच वाढवते. त्यांच्यासाठी मी सुपर टॉप-अपचा प्रयत्न करेन, म्हणजे पहिले ३ लाख कंपनीच्या पॉलिसीतून आणि त्यावरचे यातून. ते नाकारलं तर वय वंदना कार्ड आणि फुले योजना हाच त्यांचा मुख्य आधार धरेन, कारण अँजिओप्लास्टी, बायपास यांसारखे हृदयाचे उपचार योजनेच्या यादीत आहेत आणि हृदयरोग हे तिचं जुनं, बसलेलं क्षेत्र आहे.

फॉर्म भरताना मधुमेह, हृदय, जुन्या गोळ्या, यातलं काहीही लपवू नका. एजंट ‘लिहू नका, कशाला’ म्हणतात. पण पाच वर्षं होईपर्यंत कंपनी जुन्या आजाराची माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारू शकते, आणि ते नाकारणं नेमकं मोठ्या बिलाच्या वेळी येतं.

ट्रस्टच्या रुग्णालयांबद्दलही सांगते, कारण लोकांना हे माहीतच नसतं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ एए कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना आहे. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि रुग्णालयाच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची. तातडीच्या वेळी डिपॉझिटसाठी अशा पेशंटला अडवायचं नाही. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते. तहसीलदारांचा दाखला काढून ठेवा आणि रुग्णालयात थेट आमच्यासारख्या समाजसेवा विभागात या. तुमच्या आई-वडिलांना हे लागू होईल की नाही हे दाखल्यावरच्या आकड्यावर ठरेल. योजनेच्या यादीत न बसलेलं एखादं बिल मात्र अनेकदा याच निधीतून निभावून गेलंय.

आणि एक खर्च असा आहे की ज्याला वरचं काहीही सहसा लागू पडत नाही: रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी. देशातल्या आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हे चांगलंच झालं. पण उरलेल्यात मोठा हिस्सा औषधांचा आणि ओपीडीचा आहे, कारण जीवनदायीपासून मेडिक्लेमपर्यंत सगळ्यांचा साचा ॲडमिट झालेल्या पेशंटचा. तुमच्या आईचा मधुमेह नेमका इथे सापडतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साखर आणि रक्तदाबाची नोंदणी करून महिन्याच्या गोळ्या तिथून घ्या. तिथे नसतील त्या जनऔषधी केंद्रातून. साखर ताब्यात राहिली तर किडनीचं आणि पायाचं मोठं बिल टळतं. माझ्या टेबलापाशी येणाऱ्या डायलिसिसच्या कितीतरी घरांची सुरुवात ‘पैसे नव्हते म्हणून गोळ्या मधे बंद केल्या’ इथून झालेली असते.

विमा कंपनीने क्लेम कापला किंवा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

तुम्ही पुण्यात आणि ते गावी, त्यामुळे कागद त्यांच्या हाताशी पाहिजेत. रेशनकार्ड, दोघांची आधार, वय वंदना कार्ड, मेडिक्लेमचं ई-कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांचे जुने ईसीजी-इको एका पिशवीत घालून ती कपाटात कुठे आहे ते शेजारच्या एखाद्या मुलालाही दाखवून ठेवा. साताऱ्यात किंवा कराडला हृदयविभागासाठी योजनेत असलेल्या दोन रुग्णालयांची नावं आणि फोन नंबर त्याच पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे रात्री रुग्णवाहिका आली की कुठे न्यायचं हे ड्रायव्हरला विचारत बसावं लागणार नाही.